दारावर जर्मन, घरात मराठी

पाथरीच्या एसटी स्टँडसमोर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझा स्वभाव कसा आहे ते पाटीवर लिहिलेलं नाही, पण गावाला माहीत आहे. लोक लॅपटॉप आणतात आणि म्हणतात, "परमेश्वर, याला मराठी कर." आता इथं मिळणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपांत विंडोजची एका भाषेपुरतीच आवृत्ती असते. तिला मराठी द्यायला गेलं की ती सरळ सांगते, तुमच्या परवान्यात एकच भाषा बसते. हे मी लोकांना सांगितलं की त्यांना वाटतं, याला काही येत नाही. मग माझं डोकं फिरतं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात कावेरीबाई टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन पायरी चढल्या आणि नेमकं तेच म्हणाल्या. दुसरं कोणी असतं तर मी आल्या पावली परत पाठवलं असतं. बाईंना नाही म्हणायची माझी टाप नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथी त्यांनीच मला शिकवलं.

माझे आईबाप दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. मी आजीपाशी राहायचो. बाईंचा एक रिवाज होता. ज्या पोरांचे आईबाप तोडीला गेलेत त्यांच्याकडे त्या फळ्यावर तारीख आणि सुविचार लिहायचं काम द्यायच्या. एक दिवसही चुकवायचा नाही, अगदी कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं गावी परतेपर्यंत. "वाट बघणाऱ्याच्या हाताला काम पाहिजे," असं त्या दुसऱ्या बाईंना सांगताना मी एकदा ऐकलं होतं. मला तेव्हा वाटायचं, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मला खडू देतात.

बाईंचा मुलगा श्रीराम जर्मनीत इंजिनियर आहे. बायको तिकडचीच. मार्तंडसर, म्हणजे बाईंचे यजमान, वारले तेव्हा तो दहा दिवसांसाठी आला होता आणि जाताना आपला जुना लॅपटॉप आईसाठी ठेवून गेला. भाषा बदलायची राहून गेली. "नंतर करतो," म्हणाला. ते नंतर काही उजाडलं नाही. तेव्हापासून बाई तो लॅपटॉप सगळा जर्मनमध्येच चालवत होत्या. हे तिसरं चित्र दाबायचं, मग खाली निळा गोल, मग उजवीकडचं बटण. एक अक्षर न वाचता.

"मग आता काय झालं?" मी विचारलं.

"मागच्या रविवारी त्यानं आपणहूनच काहीतरी नवं केलं स्वतःत, आणि बटणं हलली. उत्तरा पडद्यावर मला पडलेला दात दाखवायला आली होती. मी काहीतरी दाबलं आणि फोन बंद झाला." बाई लॅपटॉपवरचा टॉवेल घडी करत राहिल्या. "पुन्हा लावला तोवर ती खेळायला गेली होती."

उत्तरा ही त्यांची नात, तेव्हा सहा वर्षांची. तिकडे तिला सगळे उटा म्हणतात. तिला मराठी येत नाही आणि बाईंना जर्मन येत नाही. दर रविवारी दुपारी ती पडद्यावर यायची, हात हलवायची, बाई "कशी आहेस गं?" म्हणायच्या, आणि अर्ध्या मिनिटात पोरगी पसार. मग श्रीराम आणि बाई एकमेकांना हवामान सांगायचे. आपल्या नातीनं आपल्याशी पाच मिनिटं बोलावं, एवढीच त्या बाईची इच्छा होती. मला ती ऐकूनच जड वाटलं.

लॅपटॉप तिकडचा असल्यामुळे त्याला भाषेची अट नव्हती. अडचण माझी होती. जर्मन मला कुठली वाचता यायला? मी दुकानातला दुसरा, इंग्रजीतला लॅपटॉप शेजारी ठेवला आणि दोन्हीकडे एकच पान उघडत, ओळ मोजत गेलो. इकडची चौथी ती तिकडची चौथी. मराठी सापडली, उतरवायला लावली. आणि ते गोल चाक जे फिरायला लागलं ते फिरतच राहिलं.

"लय वेळ लागायलाय बाई. तुमी घरी जा, मी आणून देतो."

"बसते मी."

दीड तास झाला. मी लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला, विंडोजला चार शिव्या मनातल्या मनात दिल्या. शेवटी बाई म्हणाल्या, "परमेश्वर, तुझंच काहीतरी चुकतंय. पहिल्या पायरीपासून तपास बघू." वर्गात गणित चुकलं की असंच म्हणायच्या.

चूक माझीच निघाली. दुकानातलं नेट सकाळपासून गेलेलं, म्हणून मी मोबाइलवरून नेट दिलं होतं. असं नेट दिसलं की विंडोज ते मोजून वापरायचं समजते आणि एवढं मोठं ओझं उतरवूनच घेत नाही. तो खटका बंद केला तसा पंधरा मिनिटांत मराठी आली. मी गुपचूप चहा मागवला.

बाईंनी चष्मा पुसला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागल्या, जणू पोरांचं प्रगतीपुस्तक वाचतायत. मधेच एका ठिकाणी चाक फिरलं आणि खाली आलं, 'कृपया प्रतीक्षा करा'.

"हे काय मराठी आहे? घरात असं कोण बोलतं? थांब जरा, म्हणावं."

"ते यंत्र हाय बाई. त्याला काय घर न् काय दार."

लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, तर आत सगळं मराठी, पण पहिल्याच पानावर, जिथं पासवर्ड घालतात तिथं, अजून जर्मनच. असं होतं. भाषा आपल्या खात्यापुरती बदलते; दारावरचं पान बदलायचं तर वेगळ्या जागी जाऊन ती तिथंही द्यावी लागते. मी म्हणालो, "थांबा, एवढं राहिलं, करून देतो."

बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "काय लिहिलंय ते?"

मी मोबाइलवर बघून सांगितलं. "विलकोमेन असं कायतरी. म्हणजे स्वागत."

"मग राहू दे. दारावर तिचं, घरात आपलं." मग शेजारी ठेवलेल्या दोन लॅपटॉपांकडे बघत म्हणाल्या, "आणि आतलं जर्मन काढू नकोस. कधी हे, कधी ते, असं मला करता येईल का?"

येतं. भाषा निवडायची, बाहेर पडायचं, पुन्हा आत यायचं. मी दोनदा करून दाखवलं, त्यांनी तिसऱ्यांदा स्वतः केलं. कशासाठी ते मला चार दिवसांनी कळलं. त्यांच्या ओसरीवर शाळेतून निवृत्त होताना मिळालेला एक छोटा फळा आहे. त्यावर तारीख होती आणि खाली दोन शब्द, एक मराठी, एक जर्मन. सकाळी लॅपटॉप मराठीत उघडून एक शब्द घ्यायचा, मग जर्मनमध्ये जाऊन तीच ओळ मोजून त्याच जागेवरचा शब्द टिपायचा. दिवसाला एक. वहीच्या मधोमध पट्टीनं रेघ मारून शब्दार्थ लिहिलेले.

दिवाळीपर्यंत दीडशे झाले. मी वही चाळली आणि हसू आवरेना. उघडा. बंद करा. शोधा. फिरवा. मोठे करा. मागे जा. पुन्हा सुरू करा. सगळे हुकूमच हुकूम.

"बाई, नात हाय का प्रिंटर?"

"शब्द ते शब्द. मला दुसरीकडे कुठं मिळणार आहेत?" त्या चिडल्या नाहीत, पण चेहरा उतरला. रविवारी त्यांनी त्यातले तीन शब्द म्हणून पाहिले होते आणि उत्तराला एकही कळला नव्हता. वाचून पाठ केलेले उच्चार, ते कुठून कळणार? मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

भाषेच्या त्या गाठोड्यात वाचून दाखवणारा आवाजही असतो, पण तो निराळा उतरवावा लागतो. मी बाईंच्या घरी जाऊन जर्मन आवाज बसवला. तरी बोलेना. शोधता शोधता लक्षात आलं की आवाज आहे, पण वाचणाऱ्याला अजून इंग्रजीच नेमून दिलीय. ते बदललं आणि त्या ओसरीवर एक जर्मन बाप्या खणखणीत बोलायला लागला. बाई त्याच्यामागून म्हणायच्या. शेजारच्या चांगुणाबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "बाई, कोण पाव्हणे आलेत?"

पुढच्या रविवारी आवाज नीट येतोय का बघायला मी तिथंच होतो. उत्तरा आली, हात हलवला आणि निघाली. बाई म्हणाल्या, "विलकोमन, उत्तरा. बिटं वार्टन." कृपया प्रतीक्षा करा.

पोरगी थांबली. बापाला काहीतरी विचारलं. श्रीराम हसत म्हणाला, "आई, ती म्हणतेय, आजी कॉम्प्युटरसारखी का बोलते?"

बाईंनी वहीत बघितलं आणि म्हणाल्या, "द्रेयन." फिरवा. पोरगी जागेवर गिरकी घेऊन उभी राहिली. "श्लीसन." तिनं डोळे मिटले. "ओफनन." तिनं तोंड एवढं उघडलं की नवा दात दिसला. "झूखन," म्हणजे शोधा, म्हटल्यावर ती सोफ्यामागं लपली. बाईंनी एवढ्याशा पडद्यात तिला इकडे तिकडे शोधल्यासारखं केलं, तर आतून खिदळणं ऐकू यायला लागलं. बावीस मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं. फोन ठेवल्यावर बाई पदरानं चष्मा पुसत बसल्या आणि मी उगाच लॅपटॉपची वायर तपासली.

त्यानंतर पोरगी रविवारची वाट बघायला लागली. आणि गेल्या वर्षी श्रीरामनं कळवलं, नाताळच्या सुट्टीत तिघं येतोय. बाईंनी काय काय केलं ते सांगत बसलो तर संध्याकाळ होईल. ओसरी सारवली, पिवळा रंग दिला. संभाजीनगरहून आणायला व्यंकटीची जीप ठरवली आणि देवगाव फाट्याला किती वाजता पोचतील, तिथं चहाला थांबलं तर किती, न थांबलं तर किती, हे मला दहादा विचारलं. फळ्याच्या खाली पोरीच्या उंचीला दुसरा फळा लावून घेतला. घरातल्या पाटांना, डब्यांना, दाराला, तुळशीला चिठ्ठ्या डकवल्या, एका बाजूला जर्मन आणि एका बाजूला मराठी.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात श्रीरामचा फोन आला. सूनबाईचे वडील दवाखान्यात होते. निघणं शक्य नव्हतं. "बघू, उन्हाळ्यात जमतंय का." बाई त्याला म्हणाल्या, "त्यांची काळजी घे आधी." मला कळलं ते व्यंकटीकडून.

मी आठ दिवस गेलो नाही. काय बोलणार होतो? माझ्या लहानपणी एका वर्षी पट्टा पडला तरी आईबाप आले नव्हते, आईला गावाकडं निघताना ताप भरला होता. ते दिवस मला अजून आठवतात. माणूस येणार नाही हे कळलं तरी कान रस्त्याकडेच असतात. शेवटी रविवारी दुपारी बाईंनीच बोलावलं, आवाज येत नाही म्हणून.

आवाज नुसता बंद केलेला होता. एका बटणाचं काम. ते त्यांना येत नव्हतं असं नाही. मी फळ्याकडे बघितलं. दोन्ही फळे कोरे. तारीखसुद्धा नाही. चिठ्ठ्या तशाच होत्या, एकदोन सुटून लोंबत होत्या.

"आज फोन लावू का नको, असं झालंय बघ," बाई म्हणाल्या. "ती खेळायला सांगेल. माझ्यानं आज हुकूम सोडवणार नाहीत."

तेवढ्यात तिकडूनच फोन आला. पडद्यावर श्रीराम, दाढी वाढलेली. "आई, सासरे घरी आले. बरे आहेत." मग जरा थांबून म्हणाला, "एक गंमत सांगू? तुला सांगू नको म्हणाली होती. येणं रद्द झालं त्या दिवशी उत्तरानं हट्ट धरला, घरातल्या कॉम्प्युटरला आजीची भाषा लाव. लावली. दहा दिवस झाले, मला एक बटण सापडत नाही. ही रोज कागदावर काहीतरी उतरवून घेते आणि मला वाचायला लावते."

उत्तरा मांडीवर येऊन बसली. हातात कागद होता, पण तिनं तो उलटा धरला होता. पाठ केलेलं होतं. एकेका अक्षरावर पाय देत ती म्हणाली, "आजी. क्रुपया. प्रतीक्षा. करा."

बाई पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या. पोरीला वाटलं चुकलं, तिनं बापाकडं बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली.

"करते गं बाई," बाई म्हणाल्या. "करते."

डोळ्यांना पदर लावून त्यांनी टेबलाच्या खणातून खडू काढला आणि पडद्यावरची नजर न हलवता माझ्या हातात दिला. "उद्यापासून मी घालीन," त्या म्हणाल्या. "आजची तारीख तू घाल."