शांताच्या हँडलचा टेप

सायकलच्या दुकानात पंक्चरपेक्षा किस्सेच जास्त जमतात. पंक्चर काढलं की माणूस निघून जातो, किस्सा मात्र ओट्यावरच बसून राहतो. ताडकळसला माझं अन् खाजाभाईचं भागीतलं दुकान होतं. बहात्तरचा दुष्काळ सरला अन् लोक हँडलला रंगीत प्लास्टिकचा टेप गुंडाळून घ्यायला लागले. तवापासून तर विचारूच नका!

एका बाजारच्या दिवशी एक शेतकरी आला. लाल टेप उचलायचा, ठेवायचा. परत उचलायचा.

"घ्या की पाव्हणं, लय खुलून दिसंल."

"दिसंल हो. पण बैल बुजला तर?"

नमुन्याला तुकडा घेऊन गेला. पुढच्या बाजारी हजर. "हिरवा द्या. लाल बघून बैलानं तोंड फिरवलं!"

*

पण सोपानआप्पांएवढं घाबरलेलं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. त्यांची शांता नर्सबाई झाली होती. शेजारच्या गावच्या दवाखान्यात सायकलनं जायचं होतं. गावात सायकलवर बसणारी पहिलीच पोर, अन् रस्ता भर चौकातनं!

आप्पा जयभीम घालून टेकले. "कुणाच्या नजरंत येणार न्हाई असा टेप द्या."

खाजाभाई म्हणाला, "मग टेपच कशाला, आप्पा?"

"घामानं हात घसरंल की! चौकात पडली, लोक हसले, तर पोर पुन्हा सायकलीवर बसायची न्हाई. नोकरी गेली मग."

काळा गुंडाळून दिला.

*

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शांताच सायकल ढकलत आली. "काका, उन्हात तवा झालाय ह्याचा. निळा द्या."

मागनं आप्पा पळत आले. "निळा? चौकातनं?"

"आप्पा, काळा लावला म्हणून चौक मला ओळखायचा न्हाई का?"

आप्पांनी टॉवेलनं तोंड पुसलं. खाजाभाईनं गुपचूप निळी गुंडाळी खाली काढली.

*

टेप मुठीच्या टोकाकडून सुरू करायचा, ताण ढिला पडू द्यायचा नाही, एवढंच काम. पण आप्पांना भरवसा वाटेना. "सुटला तर?" उरलेला टेप घरी नेऊन त्यांनी वरून आणखी एक थर चढवला. आवळून आवळून! मग सायकल दाखवायला आणली.

खाजाभाईनं हँडल चाचपलं. "आप्पा, ब्रेक किधर है?"

"आत हाय. हलू नये म्हणून पक्का बांधलाय!"

सगळं सोडून मी परत गुंडाळलं. अन् ब्रेक मीच तीनदा दाबून बघितला.

*

नोकरीचा पहिला दिवस उजाडला. पारावर माणसं बसलेली. मी दारात पाना धरून उभा, काम सुचेना. खाजाभाईनं बिडी पेटवली अन् ओढायची विसरला.

शांता आली. पांढरी साडी, निळं हँडल, नजर समोर. पारावरच्या माना एकदम वळल्या.

अन् मागं कॅरिअरवर आप्पा! दोन्ही हातांनी सीट धरलेली, पाय वर उचललेले, डोळे गच्च मिटलेले.

पारावरून कुणीतरी हाक मारली, "आप्पा, कुठं चालले ओ?"

आप्पा डोळे न उघडताच म्हणाले, "पोरीला दवाखान्यात सोडायला!"