गिऱ्हाइकाची भवानी

आई बसस्टँडबाहेर केळी विकायची. भवानी झाल्याशिवाय, म्हणजे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक पैसे देऊन जाईपर्यंत, ती चहालाही उठायची नाही. ती पहिली नोट कपाळाला लावायची. कधी भवानीलाच दुपार व्हायची. मग आम्ही बहीणभाऊ काळी पडलेली केळी खाऊन झोपायचो. मला आजही केळं आवडत नाही.

त्याच केळ्यांवर मी इंजिनीअर झालो, घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी छाती काढून सांगतो. पुढचं सांगताना आवाज जरा उतरतो.

नोकरीला सिंगापूरला आलो, चोआ चू कांगला खोली घेतली. बहिणीच्या नर्सिंगची फी मी भरणार, असा शब्द आईला दिला होता. आणि शनिवारी सकाळी कसिनोत जायला लागलो. पासपोर्ट दाखवला की आम्हा परदेशी लोकांना आत फुकट. ठरलेलं मशीन, ठरलेली खुर्ची. पहिली नोट कपाळाला लावूनच आत सारायचो. मशीननं काही परत दिलं, तर भवानी झाली, आता उठू नये. नाही दिलं, तर भवानी व्हायचीय, उठायचं कसं?

हिशेब मात्र चोख. किती घातले, किती आले, सगळं एक्सेलमध्ये. म्हटलं, टॅक्स भरताना तोटा वजा होईल. तोआ पायोहला आमच्या ऑफिसात अकाउंट्सच्या बाईंना शीट दाखवली. त्या इथल्याच, वाक्यामागं 'लाह' लावणाऱ्या. हसून म्हणाल्या, "जिंकलं असतं तर टॅक्स नव्हता लाह, मग हरल्यावर सूट कसली?" आणि त्यांनी खाली बेरीज केली. ती मी कधीच केली नव्हती. बहिणीची वर्षाची फी त्यात गेली होती.

आईला फोनवर सगळं सांगितलं, भवानीचंही. ती म्हणाली, "अरे मुडद्या, भवानी विकणाऱ्याची असते! तू तिथं गिऱ्हाईक. दर शनिवारी त्यांची भवानी करून द्यायला जातोस होय? एवढं शिकलास कशाला?"

त्याच आठवड्यात मी अर्ज केला: मला कसिनोत आत घेऊ नका. असा अर्ज इथं करता येतो. त्या वर्षीची फी आईनं सोसायटीतून कर्ज काढून भरली. ते मी फेडलं, पुढच्या सगळ्या फिया मी भरल्या.

बहीण यंदा नर्स झाली. आमच्या घरात आता दोन पदवीधर आहेत.