मी जिला खाला म्हटलं नाही

खालाच्या घरात एकाही खोलीला आतून कडी नव्हती. भूकंपात तिची बहीण बंद दाराआड अडकून मेली, तेव्हापासून लातूरच्या या घरातल्या सगळ्या कड्या तिनं उपटून टाकल्या होत्या. "दार ढकललं की उघडलं पायजे," म्हणायची. मेडिकलच्या क्लाससाठी माझा मुलगा तिच्याकडे भाड्यानं राहिला. सगळी पोरं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. मी 'घरमालकीणबाई' म्हणायचे, तेही मुद्दाम.

लोह्याहून मी धपाटे करून न्यायचे, तर मुलगा म्हणायचा, "आई, खालासारखे मऊ न्हाईत." माझ्या तोंडावर! त्याची सर्दी तिला आधी कळायची, मार्कही तिलाच आधी. "बस माय, चहा घे," ती म्हणायची. "नको, एसटी चुकेल," मी म्हणायचे. एसटीला पुष्कळ वेळ असायचा.

क्लासच्या पोरांना मोबाइल बंद आणि आमच्या शेतातल्या घरी रेंज नाही, म्हणून प्रवेशाच्या अर्जावर मुलानं खालाचाच नंबर दिला. तेही मला झोंबलं. कॉलेजांचे पर्याय भरायच्या दिवसांत तिला एका बाईचा फोन आला. "खाला, मी तुमच्या भाडेकरू पोराची आई बोलते. तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा ना." पोराचं नाव, गाव, सगळं बरोबर. असे ओटीपी काढून घ्यायचे, पोरांचे पर्याय बदलायचे आणि मग पैशासाठी अडवायचं, हा धंदाच निघाला होता. खाला एरवी कुणालाच नाही म्हणत नसे. त्या दिवशी मात्र तिनं काही न सांगता फोन ठेवला.

"तुला कसं कळलं?" मुलानं विचारलं.

"तुझी माय मला खाला म्हनतीय व्हय? अन् येवढं गोड? ती मरंल, पर मला काय मागायची न्हाई."

मुलानं हे मला हसत हसत सांगितलं. त्याचं वर्ष वाचलं म्हणून जीव भांड्यात पडला, पण अंगाचा तिळपापडही झाला. नवऱ्याला इतक्या वर्षांत कळले नाही, तितकी मी या बाईला कळले होते!

प्रवेश झाल्यावर पेढे घेऊन गेले. मनाचा हिय्या करून म्हटलं, "खाला, तुमच्यामुळं पोराचं झालं."

ती तोंडाला पदर लावून हसली. "नगं माय. तू बी खाला म्हनाया लागलीस तर फोनवर वळखू कशी तुला?"

पुन्हा मी म्हटलं नाही. ती गेली तेव्हा मुलगा डॉक्टर झाला होता. तिच्या दारात बसून तो लहान पोरासारखा रडला. त्याच्या पाठीवर हात ठेवून मी उभी होते आणि मनात एकच येत होतं, माझ्या वेळी हा इतका रडेल का?