खळ्यावरची होडी

त्या दिवशी तळ्यावर आम्ही पाच जनं व्हतो. मी, माझी थोरली जाऊ भिमाबाई, तिचा लेक काशिनाथ, आन नाशिकहून तंबूत ऱ्हायला आलेले नवरा-बायको. भिमाबाईनं सकाळी त्या दोघांना होडीतून फिरवून आनलं, वल्हं काठाला टेकवलं आन म्हनली, "सोने, चहा टाक, मी बसते जरा." चहाला उकळी आली तवा ती गेलेली व्हती... दीड महिना झाला. मी चार यत्ता शिकलेली बाई. सांगतेय मी, लिहितेय नात.

सुरगाण्याकडं डोंगरात आमचं बारकं धरण हाय, पाहुने त्याला तळं म्हनतात. त्याच्या पान्याखाली आमची भाताची खाचरं हायेत. धरण झालं, पानी चढलं तवा आम्ही दोघी पोरं पाठीला बांधून दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागांत मजुरीला गेलो. दोघींचे नवरे तिकडंच वारले. रडायला सवड नव्हती, दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. लय वरसं अशी काढल्यावर भिमाबाई म्हनली, "आता कोनाच्या बागेत जायाचं नाय. शहरातली लोकं आपल्या पान्यावर नुसती बसायला येत्यात. त्यांना नागलीची भाकर घालू." चार तंबू, एक चूल, मासेमारीची जुनी होडी. वल्हवायला तिला कोनी शिकवलं नाय. पहिल्या दिवशी होडी जागच्या जागी गरागरा फिरली. काठावरचे म्हनले, "भिमाबाय, जातं दळतीस का?" ती म्हनली, "पीठ पडलं की हाक मारते."

समोरच्या डोंगराची खाच आन काठावरचं मोहाचं झाड एका रेषेत आलं की ती वल्हं थांबवायची. "चपला काढा." पाहुन्यांना वाटायचं, होडी घान व्हईल म्हनून. एका साहेबानं तर बूट पान्यात बुचकळून दाखवले, "मावशी, बघा, स्वच्छ आहेत." ती म्हनली, "बूट स्वच्छ हायेत रे बाबा, पन खाली आमचं खळं हाय. खळ्यावर चपला घालून कोन जातं?" साहेब हसला. मग खाली पान्यात बघत ऱ्हायला... आन बूट काढले.

तेराव्यानंतर गावातले चार जनं आले. "मावशी, आता मोटरची होडी आनू, गडी ठेवू. तुम्ही भाकरी करा." काशिनाथपन म्हनला, "काकू, तुमचं वय झालं." मी म्हनलं, "तुझ्या आईपेक्षा तीन वरसांनी ल्हान हाय मी. मोटर खळ्यावरून भुर्रकन जाईल, कोनाला कळायचं बी नाय खाली काय हाय. माझ्या जावेची होडी मी चालवनार." दुसऱ्या दिवशी समद्यांदेखत बसले. माझी होडी बी फिरली गरागरा. कोनी हसलं नाय, आन हसले असते तरी मी उतरनार नव्हते. हाताला फोड आले, फुटले, आता घट्टे पडलेत. रोज सकाळी पाहुन्यांना घेऊन जाते.

तुम्ही वाचनारे कदी तंबूसाठी फोन कराल. लोकं पहिलं इचारत्यात, "होडीवर पुरुष मानूस आहे ना?" तेवढं इचारू नका. पुरुष मानूस नाय, आत्ताच सांगते. या.