चूप म्हणजे पास

कविता वाचून माणसाला दरदरून घाम फुटतो, हे ज्याला खोटं वाटत असेल त्याने एकदा आमच्या व्याह्यांच्या शेजारी बसावं. कविता लिहिणारे जगात उदंड, ऐकवणारे त्याहून उदंड; पण दुसऱ्याची कविता पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि योगायोग असा की त्याच्याच घरात माझी मुलगी दिलेली आहे. साखरपुड्याच्या दिवसाची गोष्ट. वंदना झाली, पेढे वाटले गेले, मंडळी जेवायला उठली, आणि मुलाचे वडील मात्र मांडवाच्या कोपऱ्यात मोबाइल धरून कपाळ पुसत बसलेले. आमच्याकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुठेतरी बिनसलं असं धरून मेव्हण्याने मला पुढे ढकललं. मी हात जोडून विचारलं, "काही चुकलं का आमचं?" त्यांनी मान वर केली. "तुमचं काय चुकायचंय इवाईबुवा? हा मंठ्याचा कवी पोरगा बघा. चांदणं सांडलं म्हणून राह्यला. सांडलं तर सांडलं, पण पुढच्या ओळीत तेच चांदणं ह्यानं ओंजळीत धरलं. सांडलेलं वर आलं कसं?" मला त्याच क्षणी खात्री पटली की आपली मुलगी सुखात राहील. जो माणूस परक्याच्या चांदण्यात एवढा गुंतलेला आहे त्याला सुनेला सासुरवास करायला सवड कुठून मिळणार?

व्याह्यांची सारी नोकरी जालना एमआयडीसीत, एका बियाण्यांच्या कंपनीत माल तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर हाताला चाळणी उरली नाही, म्हणून की काय, ते आमच्या व्हॉट्सॲपवरच्या कवितेच्या ग्रुपात शिरले. मी त्या ग्रुपात आधीपासून होतो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला कविता होणं हे मधुमेहाइतकंच अटळ आहे. ग्रुपचे ॲडमिन तीर्थपुरीचे एक गुरुजी. ते दर रविवारी विषय देतात, संध्याकाळपर्यंत कविता पडतात आणि रात्री प्रत्येकाला त्याच्या फोटोसकट रंगीत सन्मानपत्र मिळतं. एकदा तर ज्याने कविता पाठवलीच नव्हती त्यालाही 'सर्वोत्कृष्ट' मिळालं, आणि त्याने ते नम्रपणे स्वीकारलं. इथे सगळेच एकमेकांना सर आणि ताई म्हणतात. अभिप्राय लग्नातल्या आहेरासारखा फिरतो: ज्याने आपल्याला 'अप्रतिम' घातलं त्याला आपण 'लाजवाब' घालायचं, आणि कोणाचं राहून गेलं तर तो वर्षभर लक्षात ठेवतो. 'निःशब्द' असं लिहून त्याखाली चार ओळी आणखी लिहिणारे लोक मी इथेच पाहिले.

अशा सुखी संसारात आमचे व्याही आले. टाइप करणं त्यांना जमत नसे, म्हणून ते बोलून पाठवत, आणि तेही एमआयडीसीच्या रस्त्याने फिरायला गेल्यावर, चालता चालता. त्यामुळे त्यांच्या अभिप्रायात सगळी एमआयडीसी ऐकू यायची. "दुसरं कडवं ठीक हाय. तिसऱ्यात तुम्ही दमले," एवढ्यात टेम्पोचा हॉर्न, मग लोखंडी सळ्या खाली टाकल्याचा दणका, मग पुन्हा व्याही: "आन् तिसरं बिलकुल काढून टाका." बदनापूरच्या एका कवीला बरेच दिवस वाटत होतं की कविता आवडली नाही म्हणून हे गृहस्थ मागे काहीतरी आपटतात. ज्याच्या वाट्याला असा आवाजी निरोप येई तो दिवसभर फुरंगटून बसे. बाकीचे त्याच्या समाधानाला धावत, 'सर, मनाला लावून घेऊ नका' म्हणत, आणि व्याही मात्र पुढच्या कवितेत डोकं घालून बसलेले असत.

मला मात्र त्यांनी कधीही दुखावलं नाही. माझी कविता पडली रे पडली की त्यांचा निरोप यायचा, "वा इवाईबुवा! बहोत अच्छे!" एवढंच. ना हॉर्न, ना सळ्या. मी ते मोठ्या आवाजात लावून बायकोला ऐकवायचो. ती भाजी निवडत म्हणायची, "त्यांच्या मुलाला मुलगी दिलीय आपण, दुसरं काय म्हणतील ते?" पण मला ते पटत नसे. एकदा नातीला भेटायला त्यांच्याकडे गेलो असताना मी सहज म्हणावं तसं म्हणालो, "ग्रुपात सगळ्यांना तुम्ही सोलून काढता, मला एका शब्दाने बोलत नाही." त्यावर ते नातीच्या पायात मोजे घालत अगदी प्रेमाने म्हणाले, "तुमच्यात काय बोलायचं? आमच्या गेटवर व्यापारी सॅम्पल घेऊन यायचे. काही काही माल मुठीत घेतला की कळायचं, हे उगवत न्हाई. मंग त्याच्याशी वाद घालायचा का? चहा पाजायचा, बहोत अच्छे म्हणायचं, वाटंला लावायचं. ज्यात दम हाय त्यालाच चाळायचं, भिजवायचं, टोचून पाह्यचं." माझ्या हातातला चहा गार झाला. तरी मी विचारलं, "आणि माल उत्तमच निघाला तर?" ते म्हणाले, "तर काय? चूप. शेतकऱ्याचा फोन आला म्हणजे बियाणं फेल. फोन न्हाई आला म्हणजे पीक उभं. चूप म्हणजे पास." घरी येऊन मी भिंतीवरची सन्मानपत्रं काढणार होतो, पण खिळ्यांची भोकं दिसली असती म्हणून राहू दिली.

ही रीत त्यांनी मला सांगितली, कारण मी विचारली. ग्रुपात ती कोणालाच माहीत नव्हती, आणि सांगायला हवी असं त्यांच्या डोक्यात आलं नाही. ज्याच्यावर ते तुटून पडत त्याला आपला मान होतोय हे कळायला काही मार्गच नव्हता. बहुतेकांचं त्यात काही बिघडलं नाही. दोन दिवस रुसून ते पुन्हा चांदणं सांडायला लागत. मंगलताईंचं मात्र बिघडलं.

मंगलताई पिंपळगाव रेणुकाईच्या. घरी शिलाई मशीन चालवतात, गावातल्या बायकांचे झंपर आणि शाळेचे गणवेश शिवतात. ग्रुपात त्या फार बोलत नसत, सन्मानपत्राला नुसता नमस्कार करत. त्यांची कविता आली की व्याही चालायचे थांबत. फिरायला निघालेला माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून मोबाइल डोळ्यांजवळ नेतोय असं दिसलं की मी ओळखायचो, पिंपळगावहून काहीतरी आलं. साहजिकच त्यांच्याइतकी बोलणी ग्रुपात दुसऱ्या कोणी खाल्ली नाहीत. 'आई' हा विषय होता त्या रविवारी त्यांची एक लहानशी कविता पडली, आणि शेवटी 'धन्य ती माता, धन्य तिची माया' अशा दोन ओळी होत्या. व्याह्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "ह्या शेवटच्या दोन कोणी घातल्या? कविता तुमची, ओळी सत्काराच्या भाषणातल्या. जल्दी काढा. आन् मधलंबी सैल हाय, आवळा." गुरुजींनी ताबडतोब हात जोडलेली चित्रं पाठवली, चौघा-पाचजणांनी 'ताई, अप्रतिम' म्हणून जखमेवर फुंकर घातली. ताईंनी फक्त लिहिलं, 'बरं सर, बघते.'

काही दिवसांनी त्यांनी ती दुरुस्त करून एकट्या व्याह्यांना पाठवली. त्या दिवशी ते भर दुपारी आमच्याकडे आले, चपलासुद्धा काढल्या नाहीत, दारातच उभं राहून मला ती कविता वाचून दाखवली. त्यांचा असा चेहरा मी नात झाली तेव्हाच पाहिला होता. मी म्हटलं, "मग काय कळवलं त्यांना?" ते माझ्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहत म्हणाले, "काय कळवायचं? हात लावायला जागाच न्हाई ठेवली बाईनं." आणि तसेच उन्हात परत गेले.

त्यानंतर पिंपळगावहून कविता आली नाही. व्याही म्हणायचे, "मोठं काही करून राह्यली असंल. घाई करू ने." रविवार गेले, विषय गेले, पावसाळा गेला. ते रोज ग्रुप उघडून सगळ्या कविता वाचत, पण चालता चालता थांबणं बंद झालं होतं. मधल्या काळात ती कविता त्यांना पाठ झाली. नातीला झोपवतानाही ते तीच म्हणत असं मुलगी सांगायची.

मग गुरुजींनी तीर्थपुरीला ग्रुपचा मेळावा भरवला. व्याही माझ्याबरोबर आले, ते फक्त एका माणसाला पाहायला. जेवणाच्या वेळी त्यांनी गुरुजींना विचारलं, "पिंपळगावच्या ताई न्हाई आल्या?" गुरुजी म्हणाले, "त्यांनी सोडलं ना सर लिहिणं. फोन केल्ता मी. म्हणल्या, कविता दुरुस्त करून सरांना पाठवली, सरांनी वाचली, निळ्या खुणा आल्या, आन् एक अक्षर बोलले न्हाई. म्हणल्या, रागावले असते तरी चाललं असतं, पण आता रागवायच्याबी लायकीची राह्यली न्हाई म्हणजे हे आपलं काम नव्हं." व्याह्यांनी हातातलं ताट खुर्चीवर ठेवलं. ते पुन्हा उचललं नाही. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "फोन न्हाई आला की पीक उभं, असं धरून चाललो मी इवाईबुवा. ज्यानं पेरणंच सोडलं त्याचाबी फोन येत न्हाई की."

त्यांनी ताईंना निरोप पाठवला नाही. बोलायला मोबाइल तोंडाशी न्यायचे आणि ठेवून द्यायचे. शेवटी म्हणाले, "हे तोंडासमोर जाऊनच सांगावं लागंल," आणि त्याच आठवड्यात आम्ही भोकरदनवरून पिंपळगावला गेलो. रेणुकाईच्या देवळापाशी नारळ विकणाऱ्या बाईंनी घर दाखवलं. मंगलताई गणवेशांच्या ढिगात बसून काज करत होत्या. मी ओळख करून दिली तेव्हा त्या गडबडून उठल्या, लेकीला चहा ठेवायला सांगितलं, खुर्चीवरचे कपडे उचलले. त्यांच्या वागण्यात राग कुठेही नव्हता, आणि त्यामुळे व्याह्यांची आणखीच पंचाईत झाली. एरवी लोकांची कडवीच्या कडवी उडवणारा माणूस, पण तिथे त्यांना वाक्य सुचेना. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी कविता म्हणायला सुरुवात केली:

लेकीचं माप घ्यायला उभी राहिले
तर ती खांद्याला लागलेली.
माझ्या आईकडे टेप नव्हता.
ती वितीने मोजायची,
आणि वीत संपली की
हात तिथेच राहू द्यायची थोडा वेळ.

ताईंच्या हातातली सुई थांबली. चहा घेऊन आलेली मुलगी दारातच उभी राहिली. ताई म्हणाल्या, "चांगली व्हती, न्हाई का?"

"लई चांगली व्हती," व्याही म्हणाले. "हाय. मला बोलताच न्हाई आलं ताई. मी समजलो, आता ह्याच्यावर आपण काय बोलावं. आमच्या कामात तसंच असतंय."

"आस्सं." त्यांनी मान हलवली. "मला काय म्हाईत सर, तुमच्या कामातलं? मी आठ दिवस मोबाइल मशीनवर ठेवून बसल्ते. तवा एवढं म्हणायचं व्हतं."

व्याह्यांनी हात जोडले. "आता लिहा. मी पाया पडतो तुमच्या."

"आसं म्हणू ने सर, मोठे हायत तुम्ही," त्या घाईघाईने म्हणाल्या. मग कापड मांडीवर सरळ करत म्हणाल्या, "बसून पाह्यलं मधी दोन-तीनदा. येत न्हाई. आधी आपसूक यायचं, काज करता करता. आता कोणी विचारील का, काय म्हणंल, हेच येतं डोक्यात. तुमच्यावर रोष न्हाई माझा." व्याह्यांनी विचारलं, कविता आहे ना तुमच्याकडे? त्या म्हणाल्या, जुना मोबाइल गेला, त्यात गेली. ते लगेच लिहून द्यायला निघाले, खिशातलं पेन काढलं. ताईंनी हाताने थांबवलं. "राहू द्या. तुमच्या ध्यानात हाय ना बराबर? मंग तिथंच राहू द्या."

चहा घेऊन आम्ही निघालो. आता व्याही ग्रुपात सगळ्यांना लांबलचक, समजावून सांगितलेले अभिप्राय देतात. चांगल्याला चांगलं म्हणतात आणि का चांगलं तेही सांगतात. लोक खूश आहेत. मंगलताईंचं नाव ग्रुपात अजून आहे. ती एक कविता व्याह्यांना मरेपर्यंत पाठ राहील, त्याची काळजी नाही. पण तिच्यानंतर ज्या यायच्या होत्या त्या कोणालाच पाठ नाहीत, आणि ह्याचं मला अजून फार वाईट वाटतं.