नानांचे उपास

डॉक्टरांनी नानांच्या ईसीजीची पट्टी आमच्यासमोर धरली. "ठोके ताल सोडून पडताहेत. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात." मला त्यातला फक्त 'ताल' कळला. मग त्यांनी सोपं करून सांगितलं. यात हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर लकवा. म्हणून अँटिकोअ‍ॅग्युलंट, म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी. रोज एक, संध्याकाळच्या जेवणानंतर, बहुधा जन्मभर.

नाना म्हणजे माझे यजमान. फिटर होते, आता निवृत्त. आम्ही धुळ्यात देवपूरला राहतो. मेडिकलवाल्याने बिल दिलं तेव्हा नानांनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मेथीच्या जुडीसाठी भाजीवालीशी वाद घालणारा माणूस गप्प बसला, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या महिन्यात त्यांना देव आठवला. आधी सोमवार धरला, मग गुरुवार, शनिवार, शिवाय एकादशा, आणि एकही उपास संध्याकाळी सोडायचा नाही. उभ्या आयुष्यात देवळाबाहेर फक्त चपला सांभाळत बसलेला हा माणूस! मी हरखून गेले. माझं माहेर मुक्ताईनगर, तेव्हा मुक्ताईनेच यांना बुद्धी दिली म्हणून मी नारळ बोलले. मी हौसेने भगर आणि दाण्याची आमटी करू लागले. भजनी मंडळात चारचौघींत मिरवलंसुद्धा.

एका रविवारी दुपारी चहाची कपबशी त्यांच्या हातातून निसटली. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. रिक्षाने दवाखान्यात पोचेपर्यंत हात पुन्हा हलायला लागला होता. सीटी स्कॅन होईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर त्यांचा चष्मा हातात धरून बसले होते. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

"हा टीआयए. लकव्याची चाहूल समजा," डॉक्टर म्हणाले. "या वेळी सुटलात. गोळी चुकली होती का?"

नाना पंख्याकडे बघू लागले. मीच कौतुकाने म्हटलं, "छे हो! आता तर ते देवाधर्माला लागलेत. आठवड्याचे तीन उपास करतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उपासाच्या दिवशी गोळी घेता?"

"गोळी जेवण करीसन लेवानी शे ना," नाना हळूच म्हणाले. "उपासले जेवणच नही, मंग गोळी कसी लेऊ?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गोळ्या जास्त दिवस पुराव्यात म्हणून या माणसाने देवाला पुढे केलं होतं, आणि मी त्याला भगर वाढत होते! संताप आला आणि रडूही आलं. मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, "तुले सांगतू तं तू बांगड्या मोडती." खरंच मोडल्या असत्या.

डॉक्टर रागावले नाहीत. "औषध परवडत नाही हे डॉक्टरला सांगायची लाज कसली? पहिल्याच दिवशी मार्ग काढला असता." त्यांनी जेनेरिक लिहून दिलं, म्हणजे तेच औषध, पण कंपनीच्या नावाऐवजी मूळ घटकाच्या नावाने मिळणारं. ते इतकं स्वस्त मिळालं की मला शंकाच आली. पट्टी घेऊन मी उलट्या पावली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी घटक आणि मिलिग्रॅम ताडून पाहिलं, म्हणाले, "हीच. आणि फराळ म्हणजेही जेवणच, नाना. पोटभर करायचा आणि गोळी घ्यायची."

तुमच्यावर अशी वेळ आली तर गोळी अर्धी करू नका, गाळू नका, मनाने बदलूही नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि घरातलं माणूस अचानक देवभक्त झालं तर आनंद जरूर माना, पण एकदा गोळ्यांची पट्टीही बघा.

पुढच्या एकादशीला संध्याकाळी नाना पाटावर येऊन बसले.

"आज एकादशी आहे," मी मुद्दाम म्हटलं.

"माले माहीत शे. भाकरी वाढ."

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत पोटभर जेवले. गोळी घेतली आणि न सांगता तोंड उघडून मला जीभ दाखवली. मग मी माझं भगरीचं ताट पुढे ओढलं. पस्तीस वर्षं एकादशी धरतेय, पण घास इतका गोड कधी लागला नव्हता.