आकड्यांना पुरेल एवढी जागा

अंबडच्या ज्या कारखान्यात मी प्रोग्रामर म्हणून नोकरीला लागले, तिथे व्हॉल्व्ह तपासायचं बेंच एक मावशी सांभाळायच्या. व्हॉल्व्हमध्ये हवा भरायची आणि स्क्रीनवरचा दाब वाचून माल पास की नापास ते ठरवायचं, हे त्यांचं काम. मधुमेहाने त्यांची नजर अधू झाली होती. एकदा आकडा वाचताना त्या अडखळल्या आणि सुपरवायझर म्हणाले, "मावशी, सोमवारपासून पॅकिंगला जा." पॅकिंगला रोज बोलावतीलच असं नसतं, आणि त्यांच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

त्या आमच्या केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "पोरी, अक्षरं लय बारीक हायेत गं. जरा मोठी करून दे की."

मी अक्षरांचा आकार वाढवला. अक्षरं वाढली, पण आकडे ज्यात दिसायचे त्या चौकटी वाढल्या नाहीत. दशांश चिन्हापुढचा आकडा कापला गेला, आणि निकाल तर त्यावरच ठरायचा. स्क्रीनवरची ती विंडो आमच्या वरिष्ठांनी डिझायनर नावाच्या साधनात, कोड न लिहिता, माउसने एकेक चौकट ओढून मांडली होती. जिथे ठेवली तिथे ती खिळलेली.

"मग चौकट ओढून मोठी कर. त्यात काय!" वरिष्ठ म्हणाले.

एक मोठी केली की ती शेजारच्या चौकटीवर चढायची. शेजारची सरकवली की खालचं बटण स्क्रीनबाहेर जायचं. शेवटी मी विचारलं, "सर, ही विंडो कोड लिहून करू का?"

ते हसले. "का? तुमच्या पिंपळगावला माउस नव्हता?"

घरी तर नव्हताच. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. कॉलेजातही संगणकावर पाळी येईपर्यंत तास संपायचा, म्हणून आमच्या बाई विंडोचा कोड कागदावर लिहून घ्यायच्या. "चौकटीला कुठे बसायचं ते सांगू नका, कोणाच्या शेजारी बसायचं ते सांगा. उरलेली जागा कोणाची, तेही सांगा," असं त्या म्हणायच्या. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. डिझायनरला मी नावं ठेवत नाही. साधी विंडो आजही त्यातच करते, वेळ वाचतो. पण इथे अक्षरांबरोबर चौकटही वाढायला हवी होती, आणि ते मला कागदावरच शिकवलेलं होतं. सोमवारच्या आत मी ती विंडो कोड लिहून नव्याने मांडली.

सोमवारी सुपरवायझर मावशींच्या मागे येऊन उभे राहिले. मी बाजूला होते.

"चष्मा आहे ना, मावशी?"

"डोळ्यावरच हाय. तुमाला दिसंना का?"

कोणीतरी हसलं. मावशी खुर्चीत मागे टेकून बसल्या आणि त्यांनी आकडा वाचला, दशांशासकट. सुपरवायझरांनी वाकून तो पडताळला. दुसरा व्हॉल्व्ह लावायला सांगितला, मग तिसरा.

"पॅकिंगचं बघू नंतर," एवढं बोलून ते पुढच्या मशीनकडे गेले.

मावशींनी चौथा व्हॉल्व्ह उचलला आणि बेंचवर घट्ट आवळला.